आधी वापसा येऊ द्या

वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी एकतीस वर्षं गेली. पहिली बारा नांदेडला, उरलेली लातूरला. रात्री नऊनंतर तालुक्याच्या वार्ताहरांचे फोन यायचे आणि बंद पडलेलं काही चालू झालं असेल तर बातमी एकाच शब्दावर संपायची : पूर्ववत. वीजपुरवठा पूर्ववत, पुलावरची वाहतूक पूर्ववत, बाजार समितीतले व्यवहार पूर्ववत. घाईत तो शब्द फार सोयीचा असतो. कुठंही बसतो, एका कॉलमच्या मथळ्यात मावतो. मीही तो शेकडो वेळा लिहिला.

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या घरात मात्र तो कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. बाबा, माय, शेजारचे सालगडी, आठवडी बाजारातले लोक यांच्याकडे थांबलेली गोष्ट परत चालू होण्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द होता. पाऊस थांबून काम लागलं तर एक, ऊस तोडून पुन्हा फुटला तर दुसरा, घरातलं मरण निभावून दिवा लागला तर तिसरा. हे शब्द बोलीतले म्हणून मी डेस्कवर ते खोडत गेलो. ते खोडायचे नव्हते, हे कळायला बरीच वर्षं गेली. जे कळलं ते असं.

१. उघाड म्हणजे वापसा नव्हे

नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी बाबांचा गुडघा धरला म्हणून मी आठ दिवसांची रजा काढून गावी गेलो. पाच दिवसांची झड लागून गेली होती. सहाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. रानात तण मातलेलं दिसत होतं आणि माझी रजा संपत आली होती. मी बैल सोडले, कोळपं खांद्यावर टाकलं आणि निघालो. बाबा ओसरीवरून म्हणाले, "अरे, ही उघाड हाय. वापसा न्हाई अजून. कशाला घाई करायलास?" मी ऐकलं नाही.

दोन तासांत कोळप्याच्या पाशीला चिखल धरून धरून ती दगडासारखी जड झाली. तण उपटत नव्हतं, नुसतं आडवं होऊन पुन्हा मातीला चिकटत होतं. बैलांच्या खुरांनी ओळी तुडवल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात ऊन तापलं तेव्हा मी फिरलो होतो तेवढ्या पट्ट्यातली जमीन पायाला टोचेल अशी कडक झाली. त्या ओळींतलं सोयाबीन पिवळं पडलं, ते शेवटपर्यंत सावरलं नाही.

संध्याकाळी बाबांनी काठी टेकत टेकत मला बांधावर नेलं. वीतभर खालची माती काढायला लावली, मुठीत दाबून गोळा करायला लावला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायला सांगितलं. गोळा पडला तसाच चपटा होऊन बसला. "फुटला न्हाई. फुटून भुगा व्हायला पायजे. हाताला चिकटली न्हाई पायजे, अन् कोरडी पण लागली न्हाई पायजे." तीन दिवसांनी पुन्हा गोळा टाकला, तो फुटला. त्या सकाळी सगळ्या शिवारात एकाच वेळी औतं निघाली. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता.

उघाड आभाळाची असते, वापसा जमिनीचा. आभाळ मोकळं झालं की काम लागतं, असं शहरात बसलेल्याला वाटतं. आमच्या भारी काळ्या रानात तसं होत नाही. ती माती पाणी धरून ठेवते. बरड, मुरमाड रानाला एका दिवसात वापसा येतो, काळीला चार-पाच दिवसही लागतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत निम्मं पाणी आणि निम्मी हवा असली की मुळांना श्वास घेता येतो, असं कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात. बाबा तेच गोळा टाकून सांगत होते. तरी आम्ही डेस्कवर एक दिवस ऊन पडलं की 'उघडिपीनंतर शेतीकामांना वेग' असा मथळा द्यायचो. तो मथळा वाचून कुणी औत धरत नसे हे खरं, पण तो चुकीचा होता.

माय उघाड हा शब्द माणसांनाही लावायची. माझ्या दोन चुलत भावांचं वाटणीवरून बिनसलं होतं. वर्षभरानं एक जण पाडव्याला दारावरून गेला आणि थांबून हसला. मी म्हटलं, आता दोघांना एकत्र बसवू. माय म्हणाली, "थांब लेकरा, नुसती उघाड हाय." पुढच्या वेळअमावास्येला तेच दोघं रानातल्या एका कोपीपुढं आंबील प्यायला बसले. मध्ये कुणी पडलं नव्हतं.

२. दुबार हा आकडा आहे

मृगाचा पाऊस पडला, चाड्यावर मूठ धरली आणि नंतर पावसानं डोळे वटारले की दुबार पेरणी येते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. तरी माणूस पेरतो, कारण उशीर झाला तर रब्बीचं गणित चुकतं आणि शेजाऱ्याचं रान हिरवं दिसायला लागलं की घरात बसवत नाही.

सगळं उगवलं नाही म्हणून सगळं मोडायचं नसतं. मधे मधे रिकामी जागा राहिली असेल तर तेवढ्याच ठिकाणी बी टोकतात, त्याला नांगे भरणं म्हणतात. ते बायकांचं दोन दिवसांचं काम असतं. रान मोडून पुन्हा पेरलं तर ती दुबार, आणि तीही गेली तर तिबार. या शब्दांत दोन आणि तीन उगाच नाहीत. बियाण्याची दुसरी बॅग, खताचं दुसरं पोतं, ट्रॅक्टरचं दुसरं भाडं, आणि दुकानदाराच्या वहीत दुसरी ओळ. एका वार्ताहरानं 'पावसाच्या आगमनाने पेरण्या पुन्हा सुरू' असं लिहून पाठवलं होतं. मी ते तसंच लावलं. दुसऱ्या दिवशी कंधारकडच्या एका शेतकऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, "साहेब, पुन्हा म्हंजे कितव्यांदा?" त्यानंतर माझ्या पानावर पेरणीच्या बातमीत 'पुन्हा' आला नाही. दुबार आला, आणि बॅगेचा भाव आला.

३. खोडवा घ्यावा, फरदड घेऊ नये

तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून जे पीक फुटतं तो खोडवा, आणि खोडवा तोडल्यावर जे फुटतं तो निडवा. बेण्याचा खर्च नाही, मुळं आधीच रुजलेली, म्हणून खोडवा परवडतो. मात्र तो आपोआप आलेला दिसला तरी त्याला कष्ट लागतात. बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, पाचट न जाळता सरीत दाबावं लागतं, नांगे भरावे लागतात. दुर्लक्ष केलेला खोडवा गवतासारखा होतो.

कापसाची फरदड वेगळी. किनवट, हदगाव, भोकर या कापसाच्या पट्ट्यात वेचण्या संपल्यावर पराटी उपटायच्या ऐवजी तिला पाणी देऊन आणखी बोंडं घेतात. दोन पैसे जास्त मिळतात, पण उभ्या पराटीवर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामातलं सगळ्या शिवाराचं पीक धोक्यात येतं. म्हणून कृषी खातं दर हिवाळ्यात फरदड घेऊ नका असं सांगत असतं.

बंद पडलेलं सदर, थांबलेलं मंडळ, मोडलेली भागीदारी पुन्हा चालवायला कुणी माझ्याकडं आलं की मी त्याला हे दोन शब्द सांगतो. मुळं निरोगी आहेत का, की फक्त पराटी उपटायचा कंटाळा आहे? लोक पहिल्यांदा गोंधळतात. जो शेतकऱ्याच्या घरातला असतो तो लगेच गप्प होतो आणि विचार करतो.

४. पाणी सुटतं आणि पाणी येतं

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ बंद झाले. टँकर भरायच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावावं लागलं. माझ्या घरात आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला असा क्रम ठरला होता आणि सात वर्षांची नात तो कुणी न सांगता पाळत होती.

१२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी लागली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या या प्रवासातला कुर्डुवाडी-लातूर मार्ग कधी काळी बार्शी लाईटचा होता. अडीच फूट रुंदीची ती लाईन १९११ मध्ये लातूरला पोचली आणि शतकभर डुगडुगत चालली. रुंदीकरणासाठी ती उखडली तेव्हा आता गाडी परत कधी दिसणार म्हणून म्हाताऱ्या माणसांनी हळहळ केली होती. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये पुढं कुर्डुवाडीपर्यंत मोठी लाईन झाली. ती झाली नसती तर त्या जड वाघिणी लातूरला आल्याच नसत्या.

मला सांगायचंय ते शब्दांचं. रेल्वेच्या त्या महिन्यांत आमच्या गल्लीत 'पाणी आलं' असं कुणी म्हणालं तर ते टँकरबद्दल असायचं. ऑगस्टपर्यंत रेल्वे चालली. सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस कोसळला, मांजरा भरली, आणि त्यानंतर एका सकाळी आमच्या मोरीतला नळ फुसफुसायला लागला. आधी नुसती हवा. मग तांबूस गढूळ चूळ, मग पुन्हा हवा, मग करंगळीएवढी धार. सौ. हातातलं पीठ तसंच ठेवून दारात गेली. समोरच्या काकू त्याच क्षणी बाहेर आल्या होत्या आणि मोठ्यांदा ओरडल्या, "नळ आले गं!" त्या 'पाणी सुटलं' असं म्हणाल्या नाहीत.

एरवी आमच्याकडं पाणी सुटतं. चावीवाला चावी फिरवतो तेव्हा नळाला सुटतं. पाटबंधारे खातं ठरवतं तेव्हा इसापूर धरणाची पाणीपाळी कालव्याला सुटते. सुटण्यात सोडणारा असतो, त्याला फोन करता येतो, त्याच्याशी भांडता येतं. येण्यात कुणी नसतं, ते आपल्या हातात नाही हे त्या शब्दात कबूल केलेलं असतं. त्या सकाळी नळाची चावी महापालिकेच्याच माणसानं फिरवली असणार. पण काकूंनी योग्य शब्द निवडला. पाऊस आला म्हणून नळ आले होते.

वीजपुरवठा असो, अनुदान असो, एसटीची फेरी असो, बातमी लिहिताना सुटलं की आलं हे आधी ठरवावं. थांबवणारा कोण होता आणि चालू करणारा कोण, याचं उत्तर त्यात येतं. 'पूर्ववत झाला' मध्ये दोघंही सुटून जातात.

५. पूर्ववत हा शब्द मी का सोडला

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र संपून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद, ते सगळं झोपलेल्यांवर बसलं. मी तेव्हा नांदेडला होतो. पुढचे कित्येक दिवस डेस्कवर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा लागल्याची बातमी आली. चांगली बातमी होती, मनापासून लावावीशी वाटली. मथळा मी दिला : 'भूकंपग्रस्त गावांतील शाळा पूर्ववत'.

चार-पाच दिवसांनी एका प्राथमिक शिक्षकाचं पोस्टकार्ड आलं. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. त्यात राग नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की, शाळेचा जुना पट ढिगाऱ्यातून सापडला, पण तो वापरता आला नाही. नावं पुकारताना मध्येच थांबावं लागायचं आणि मुलं एकमेकांकडं बघायची. म्हणून तिसऱ्या दिवशी नवं हजेरीबुक आणून नवा पट मांडला. जी मुलं समोर बसली होती त्यांचीच नावं, पहिल्या क्रमांकापासून. खाली एक ओळ होती : शाळा भरली आहे एवढंच लिहावं, ते खरं आहे.

पूर्ववत म्हणजे पूर्वी होतं तसं. शब्दाचा अर्थ मला माहीत होता, तरी मी तो लिहिला. त्या दिवसापासून कुठल्याही दुर्घटनेच्या बातमीत तो शब्द मी वापरला नाही आणि माझ्या हाताखालच्यांना वापरू दिला नाही. अपघात असो, पूर असो, दंगल असो. वाहतूक सुरू झाली, दुकानं उघडली, शाळा भरली, असंच लिहायचं. जे झालं तेवढंच.

त्या भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरकारी कागदावर त्या सगळ्या कामाचं नाव पुनर्वसन. तिकडं जाणं झालं तेव्हा एका म्हातारीनं मला सांगितलं, "पोरं पुनर्वसनात ऱ्हातेत, मी दिस उगवला की गावात जाऊन येते." गाव म्हणजे तिच्या लेखी पडलेल्या भिंतींची जागा होती. एक शब्द ठिकाणाचं नाव झाला होता आणि दुसरा शब्द अजून जुन्या जागीच उभा होता. त्या दोन्ही शब्दांना हात लावायचा अधिकार आपला नाही, असं मला वाटतं.

६. नाव तेच असलं तरी तिकीट बघावं

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्या गाड्या थांबल्या. त्या परत आल्या तेव्हा आमच्या पॅसेंजर गाड्या 'विशेष' होऊन आल्या. त्याच स्टेशनांवर थांबायच्या, तेवढाच वेळ घ्यायच्या, पण तिकीट एक्स्प्रेसचं. किमान दहा रुपयांऐवजी तीस. नांदेडच्या दवाखान्यात जाणाऱ्या, भाजीची गाठोडी घेऊन बसणाऱ्या माणसासाठी गाडी चालू झाली होती आणि झालीही नव्हती. २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस जुनं भाडं परत लागलं. म्हणजे पॅसेंजर खरी चालू झाली ती त्या दिवशी. मधल्या वर्षांत चालत होती ती दुसरी गाडी होती.

७. काही थांबे मोडण्यासाठी नसतात

आषाढीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात, तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या तारखा निघतात. गळीत हंगाम संपून पट्टा पडला की साखर कारखान्याचं धुराडं गप्प होतं आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते. दिवाळीत लातूरच्या आडत बाजारात चार दिवस शांतता असते, मग मुहूर्ताचा सौदा निघतो. घरात कुणी गेलं तर सुतक धरतात आणि ठरल्या दिवशी ते फिटतं. फिटणं हा कर्जाचा शब्द आहे. दुःख संपलं असं तो म्हणत नाही, देणं दिलं एवढंच म्हणतो.

हे थांबे कुणाला मोडायचे नसतात, कारण परत चालू व्हायची तिथी थांबतानाच ठरलेली असते. म्हणूनच कोरोनात माळेगावची यात्रा भरली नाही तेव्हा लोहा-कंधारकडची माणसं हबकली. मार्गशीर्षात खंडोबाच्या त्या यात्रेला घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, तमाशाचे फड लागतात. तिथी आली आणि माळ रिकामा राहिला, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नंतर यात्रा भरली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. घोड्याच्या नाला विकणारा एक जण जमिनीवर पोतं अंथरून जुनी जागा पावलांनी मोजत होता. एका झाडापासून इतकी पावलं, पलीकडच्या दगडापासून इतकी. जागा सापडली तेव्हा त्यानं आधी मातीला हात लावून तो कपाळाला लावला, मग नाला मांडल्या.

८. शब्द विचारून घ्यावा

निवृत्त झाल्यापासून मी एका दोनशे पानी वहीत हे शब्द लिहून ठेवतोय. आटलेल्या म्हशीनं पान्हा सोडला, लाईन आली, मोटारीनं पाणी धरलं, औत जुंपलं, फुटवे निघाले. प्रत्येक शब्दापुढं गाव लिहितो आणि तो कोणत्या कामात ऐकला ते लिहितो. अहमदपूर, लोहा, कंधार, औसा इथलं बरंच जमलं. देगलूर-धर्माबादकडं तेलुगूच्या शेजारानं आलेले आणि निलंगा-उदगीरकडं कन्नडच्या शेजारानं आलेले शब्द माझ्याकडं फार थोडे आहेत. तिकडच्या घरांतून ते बोलणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेलेली आहेत.

तुम्ही तिकडचे असाल तर एक काम करा. या पावसाळ्यात उघाड पडेल तेव्हा घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा, आता काय लागलं, काय निघालं, काय भरलं, ते त्यांच्या शब्दांत सांगू द्या, आणि ते ज्या शब्दात सांगतील त्याच शब्दात लिहून घ्या.